आप्पांच्या पाटावर

उन्हाळ्यात हौसेनं सायकल चालवायची, तर बुऱ्हाणपुरात पहाटे उठण्यापेक्षा निगरगट्टपणा जास्त लागतो. उठण्याचं काय, म्हातारी माणसं उठतातच. झोप येते कुठं? पण सत्तरीकडं झुकलेला माणूस डोक्याला ओला रुमाल बांधून, खिशात कांदा टाकून, काही काम नसताना सायकलवर निघालेला दिसला की आमच्या लोधीपुऱ्यात ओट्या-ओट्यावरून चौकशी होते. "काय भाऊ, गाडी बिघडली का?" एकानं तर मोठ्या आस्थेनं आवाज खाली करून विचारलं होतं, "पोरं पाहतात ना नीट?" आमच्याकडं सायकल म्हणजे ज्याच्यापाशी दुसरं काही नाही त्याचं वाहन. माझी तर गिअरची, मुलानं पुण्याहून पाठवलेली. ती पाहिल्यावर लोकांना माझी आणखीच काळजी वाटते.

"गाडी ठीक आहे, मीच बिघडलोय," असं मी सांगतो आणि पुढं निघतो.

नोकरी सगळी नेपानगरच्या कागद कारखान्यात झाली. कॉलनीत झाडं, सावली, पायाखाली डांबर. तिथंही सायकल होती, पण ती पाळीवर वेळेत पोचण्यासाठी. निवृत्तीनंतर बुऱ्हाणपुरात घर घेतलं आणि रक्तातल्या साखरेनं डोकं वर काढलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. चालण्याचा मला मनापासून कंटाळा. एवढे पाय उचलायचे आणि पोचायचं कुठं, तर कोपऱ्यावर. म्हणून सायकल. बायको म्हणाली, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. तुमची दहा वर्षं उशिरा निघाली एवढंच."

थंडीत सायकल कुणीही चालवतं. खरी गंमत उन्हाळ्याची. चैत्र-वैशाखात आमच्याकडं सकाळी आठलाच ऊन चपराक मारायला लागतं, त्यामुळं जे काही करायचं ते त्याच्या आत. अंधुक उजेडात निघावं. लूमवाल्या गल्लीत यंत्रमागांची खटाखट चालू असते, ती मागं पडली की एकदम कान मोकळे होतात. मग निंबोल्याचा रस्ता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. बागेला रात्री पाणी दिलेलं असेल तर बाजूनं जाताना अंगावर असा गारवा येतो, की कुणी फ्रीजचं दार उघडं टाकून गेलंय. बाग संपली, नांगरून ठेवलेलं कापसाचं रान लागलं, की परत धग. गार, गरम, गार, गरम असं करत जायचं. चढ आला की मी लाज न बाळगता उतरतो. गुडघे माझे आहेत, रस्ता सरकारचा. ढकलत वर न्यायची आणि उतारावर मात्र ब्रेकला हात लावायचा नाही. या वयात फुकट मिळणारा वेग एवढाच.

आप्पा भेटले ते अशाच एका सकाळी. निंबोल्याच्या अलीकडं त्यांची केळीची बाग. माझ्याच वयाचे, सुकलेल्या शेंगेसारखे बारीक, आणि त्यांच्या काळ्या जुन्या सायकलच्या कॅरिअरवर हिरव्या चाऱ्याचा एवढा मोठा भारा, की मागून पाहिलं तर भाराच चाललाय असं वाटावं. त्यांनी हाक मारून विचारलं, "कुठं चालले भाऊ?"

"कुठंच नाही," मी म्हणालो.

"कुठंच नाही मतलब?"

"मतलब असंच. जायचं आणि यायचं."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. वेडा वाटावा असा मी दिसत नव्हतो. भारा सावरून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिथंच उभे, कॅरिअर रिकामं, धोतराचा सोगा वर खोचलेला. "चाला," म्हणाले. "तुमचं ते कुठंच नाही कुठं आहे, पाहू तर द्या."

जन्मभर ते सायकलवर काहीतरी लादूनच फिरले होते. दूध, चारा, खताची गोणी, आजारी बाप, दिवस गेलेली बायको. रिकाम्या कॅरिअरनं ते कधी गावाबाहेर पडलेच नव्हते. त्या पहिल्या सकाळी ते दर थोड्या वेळानं हात मागं नेऊन चाचपायचे. मी विचारलं तर हसले. "माल पडून गेला का काय, असं वाटून राहिलं." मग डोईफोडिया गावाच्या बाजूनं आलेला एक ट्रॅक्टर ओळखीचा निघाला आणि त्यावरच्या माणसानं ओरडून विचारलं, आप्पा, सकाळी सकाळी कुठं? आप्पांनी मोठ्या रुबाबात उत्तर दिलं, "कुठंच नाही!"

दोन उन्हाळे आम्ही असे काढले. बोलणं फार नसायचं. त्यांच्या सायकलचं चेनकव्हर इतकं वाजायचं की बोलणं ऐकू येणं मुश्कील. मी एकदा नट आवळून देतो म्हणालो, तर म्हणाले, राहू द्या, घरी कळतं ना मी येऊन राहिलो ते. ते मला केळीच्या घडावर वाळकी पानं का बांधतात ते सांगायचे, मी त्यांना लगद्याचा कागद कसा होतो ते सांगायचो, आणि दोघांनाही दुसऱ्याचं फारसं ध्यानात राहत नसे. एकदा भर वैशाखात परतायला उशीर झाला आणि मला घेरी आली. आप्पांनी बागेतल्या छपरात निजवलं, पायांना कांदा चोळला, मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि रिक्षात घालून घरी पोचवलं. तेव्हापासून बायकोच्या मनात या उन्हाळी सायकलीच्या धास्तीनं ठाण मांडलं ते मांडलंच. आप्पांना मात्र ती देवमाणूस म्हणायची.

कार्तिक सरता सरता आप्पा गेले. सकाळी बागेत मोटर चालू करायला गेले, छपराच्या कुडाला टेकून बसले आणि उठलेच नाहीत. मला ते दहावं-तेरावं झाल्यावर कळलं. मी जाऊन भेटून आलो. नंतर थंडीभर मी निंबोल्याच्या रस्त्याला गेलो नाही. तापीकडं चकरा मारत राहिलो. सायकल तीच, पण पाय जड पडायचे. मला त्या माणसाची फार आठवण यायची. म्हातारपणी नवी मैत्री होत नाही म्हणतात. होते, आणि गेली की तिच्या जागी पुन्हा दुसरी होत नाही, हे कुणी सांगत नाही.

चैत्रात पुन्हा तिकडं वळलो. बागेपाशी आप्पांच्या मुलानं मोटरसायकल आडवी घातली. "काका, आखाजीला आमच्याकडं जेवायला यायचं आहे. माईनं बोलून ठेवलं आहे." माई म्हणजे त्याची आई. मी हो म्हणून टाकलं. अक्षय्यतृतीया, खान्देशी घरचं जेवण, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. याला नाही कोण म्हणेल? घरी येऊन फुशारकीनं सांगितलं. शेजारच्या वहिनी इथल्याच, त्या बायकोला म्हणाल्या, "मग पितर म्हणून बसवून राहिले त्यांना. पहिली आखाजी आहे ना."

इतकी वर्षं या मुलखात काढूनही मला ही रीत ठाऊक नव्हती, हे खरं. आम्ही कॉलनीतली माणसं; कुणी साताऱ्याचे, कुणी कोल्हापूरचे. आमचा गणपती, आमचं हळदीकुंकू. आखाजी म्हणजे आमच्या लेखी माहेरी आलेल्या पोरींचे झोके आणि एक सुट्टी. त्या दिवशी घरात पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, आणि गेलेल्या माणसाच्या पाटावर त्याच्याऐवजी कुणाला तरी बसवून पोटभर जेवू घालतात, हे मला शेजारणीकडून कळलं. बायको तर उभ्याची खाली बसली. "जित्या माणसाला मेलेल्याच्या पाटावर बसवतात? आणि तुम्ही हो म्हणून आलात?"

दुसऱ्या दिवशी मी मुलाला गाठलं. तो बिचारा वरमला. "काका, मला वाटलं तुम्हाला मालूम आहे. टेंशन नका घेऊ, एक घंट्याची बात आहे. आमच्याकडं भावकीतला चालत नाही, बाहेरचा लागतो, अन् त्यांच्या उमरचा. माई बोलली, सायकलवाले भाऊच बसतील. तेच तर सोबत फिरायचे." मग जरा थांबून त्यानं सांगितलं, "फक्त एक आहे. उठून निघताना 'येतो' नाही म्हणायचं. 'जातो' म्हणायचं. आमच्या घरची रीत आहे. पितराला रोकत नाहीत."

मी सायकलच्या ब्रेकशी चाळा करत राहिलो. त्याला वाटलं मी नाही म्हणणार. तेव्हा तो रस्त्यावरच उभा राहून बोलायला लागला. त्या सकाळी आप्पा अंगणातून रोजच्यासारखं 'येतो गं' म्हणून गेले होते. माई अजून तेच धरून बसली आहे. दिवे लागले की दारात जाऊन उभी राहते. रस्त्यावर कुणाची सायकल खडखडली की आत जाऊन चहाला आधण ठेवते. "आम्ही समजवून समजवून थकलो काका. एकच म्हणते, ते येतो बोलून गेले ना. तिनं स्वतःच सांगितलं, आखाजीला पितर जातो म्हणून जाईल, तेव्हा मी वाट पाहणं सोडीन."

हे सगळं मी बायकोला सांगितलं. तिला वाईट वाटलं. डोळ्यांना पदर लावला तिनं. पण म्हणाली, "जेवा हवं तर. दोनदा जेवा. पण तो शब्द तोंडातून काढायचा नाही."

तिच्या माहेरी हे फार कडक. लहान पोरानं दारातून 'जातो' म्हटलं तरी त्याला मागं बोलवायचे, पाटावर बसवून पाणी द्यायचे, 'येतो' म्हणवून घ्यायचे, तेव्हाच उंबरा ओलांडू द्यायचे. लग्नानंतर मीही ते शिकलो. कारखान्यात जाताना मी एकदाही दुसरं काही म्हटलं नसेल. त्यात ती घेरी. माझ्यासारख्याच वयाचा, माझ्याच बरोबर सायकल चालवणारा माणूस बसल्या जागी गेलेला, आणि त्याच्याच पाटावरून मी तो शब्द उच्चारायचा. मला तिची भीती खुळी वाटली नाही. खुळी वाटली असती तर सोपं होतं.

आखाजीपर्यंतचे दिवस घरात धुसफुशीत गेले. चहाचा कप टेबलावर ठेवला न जाता आदळला जायचा. एकदा मी चिडून म्हणालो, "मी काय अमर आहे?"

"नाही ना," ती म्हणाली. "म्हणूनच."

मी सकाळी सायकल काढायचो आणि चढावर ढकलताना विचार करायचो. दोन बायका. एकीला तो शब्द ऐकल्याशिवाय सुटका नव्हती, दुसरीला तो ऐकवत नव्हता. आणि शब्द माझ्या तोंडात. लोक म्हणतात सायकलवर डोकं साफ होतं. माझं काही झालं नाही; उलट एकदा विचारात खड्डा दिसला नाही आणि टायरच फुटला. एवढं मात्र पक्कं झालं, की जेवायला जायचंच. आप्पांनी मला छपरात निजवलं तेव्हा पंचांग पाहिलं नव्हतं.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, "मीही येते." मी म्हणालो, ये की. "मी रिक्षानं येईन. तुम्ही सायकलनं जाणार असाल तर उन्हाच्या आत पोचा. पितर जेवायच्या आधीच पितर व्हायला नको." आठवडाभरात ती पहिल्यांदा थट्टा करत होती, म्हणून मला बरं वाटलं.

पहाटेच निघालो. दुपारपर्यंत त्यांच्या बागेत, केळीच्या सावलीत बसून राहिलो. मग त्यांच्या घरी गेलो तर अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला होता आणि माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत होत्या. बायको रिक्षानं आली ती सरळ आत गेली आणि थोड्या वेळात कुरडया तळायला बसलेली दिसली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

मधल्या घरात घागर मांडली होती. लाल मातीची, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज आणि आंबा. समोर पाट. मुलानं विस्तवावर घास टाकून तूप सोडलं, घरभर धूर झाला आणि मला बसवलं. बसताना मी भिंतीचा आधार घेतला. माझ्या गुडघ्यांना खाली बसायची सवय नाही, हे कारण मी स्वतःला दिलं.

माई स्वतः वाढत होती. बुटकी, हातपाय राबलेले, कपाळ मोकळं. माझ्या तोंडाकडं तिनं एकदाही पाहिलं नाही, नुसती ताटाकडं बघायची. पुरणपोळी, रस, भजी, आणि पुरणाच्या कटाची ती झणझणीत रशी. आप्पांना आवडायची तशी, वरून तेल आणि कोरडं तिखट. ताटातलं टाकायचं नाही असं मुलानं सांगितलेलं. दुसऱ्या वाटीला माझं नाक वाहायला लागलं, डोळे भरून आले. लेकींनी एकमेकींकडं पाहून पदर तोंडाला लावले. त्यांना काय सांगणार? निम्मं पाणी रशीचं होतं.

"घ्या ना आजून," माई म्हणाली. "भरपोट घ्या. मागं काही ठेवू नका."

एवढ्यात बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली. जुनी, खडखडणारी. माई पळी हातात धरून जागच्या जागी थांबली. मान दाराकडं वळली. पळीतली रशी थेंब थेंब जमिनीवर सांडत होती, ते तिच्या गावी नव्हतं. आवाज लांब गेला, विरला. घरातल्यांना हे नवीन नसावं. स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको कुरड्यांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते सगळं पाहिलं. मग ती पुढं आली, माईच्या हातातून पळी काढून घेतली आणि पुढचं मला तिनंच वाढलं.

जेवण झालं. हातावर पाणी घातलं, विडा दिला, खांद्यावर नवं उपरणं टाकलं. मुलगा, सून, लेकी, सगळे माझ्या पाया पडले. आजवर सायकलवरून हसणारी माणसं पाहिली होती मी. पाया पडणारी कधी नाही. कुणाच्या डोक्यावर हात ठेवावा तर तो माझा असावा की आप्पांचा, हे मला ठरवता येईना. तसाच ठेवला.

उंबऱ्यापाशी आलो. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. मी वहाणा घातल्या आणि वळलो. माई समोर उभी होती, आणि आता पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं पाहत होती. सगळे थांबले होते. मी खांद्यावरचं उपरणं उगाच सारखं केलं. इतके दिवस ठरवत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत माझं काहीच ठरलेलं नव्हतं.

मागून कुणीतरी माझा सदरा धरला. विहिरीत डोकावणाऱ्या पोराला धरतात तसा, मुठीत घट्ट. बायको होती.

"म्हणा," ती म्हणाली. "म्हणा हो. मी धरलंय."

मी म्हणालो, "जातो."

माईनं मान हलवली. रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही. नवऱ्यावर रागवावं तसं, हळूच म्हणाली, "त्या दिवशीच सांगून जायचं ना. मी एवढी वाट नसती पाहिली."

आणि ती आत वळली. माझ्या बायकोनं मात्र सदरा सोडला नव्हता.